पंचाहत्तराव्या वर्षाचे मातीचे घर

आयुष्याच्या प्रवासात काही वर्षे अशी येतात की तेथे क्षणभर थांबून मागे वळून पाहावेसे वाटते. आपल्या पूर्वजांनी ह्या थांब्यांना नावे दिली आणि त्यांचे विधीही ठरवून दिले. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांची माळ एकदा पुरी फिरली आणि जन्माचे संवत्सर पुन्हा दारात आले की साठीशांत करावयाची. पंचाहत्तरी झाली की अमृतमहोत्सव. आणि एक्याऐंशीच्या सुमारास, हजार पौर्णिमांचे चंद्र पाहून झाले म्हणून सहस्रचंद्रदर्शन. ह्या साऱ्या समारंभांत होमहवन, दानदक्षिणा आणि पंक्तिभोजन जितके महत्त्वाचे, तितकेच घरही महत्त्वाचे असे. चार दिवस आधी भिंतींना चुन्याचा हात दिला जाई, अंगण नव्याने सारवले जाई, दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागे, आणि ज्या पाटावर बसवून औक्षण करावयाचे त्याच्याभोवती घरातील एखादी जाणती बाई रांगोळीची महिरप काढी. माणसाचे वय वाढे आणि घर मात्र त्या निमित्ताने पुन्हा तरुण होई.

थोर पुरुषांच्या बाबतीत वाढदिवस घराचा उंबरठा ओलांडून समाजाचा होतो. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांची साठी पुण्यात साजरी झाली, तेव्हा लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली आणि लोकमान्यांनी ती राष्ट्रकार्याला देऊन टाकली, हा प्रसंग महाराष्ट्राला सुपरिचित आहे. परंतु वाढदिवसाच्या निमित्ताने एखाद्या महापुरुषाने स्वतःसाठी एक घर बांधावे, ते मातीचे असावे, आणि त्याच्या सजावटीत शिष्यांचे व शेजाऱ्यांचे हात लागावेत, अशी उदाहरणे फार नाहीत. असे एक घर बंगालमधील शांतिनिकेतनात आजही उभे आहे. त्याचे नाव ‘श्यामली’. ८ मे १९३५ रोजी, म्हणजे बंगाली शक १३४२ च्या पंचवीस वैशाखाला, रवींद्रनाथ टागोरांनी वयाची चौऱ्याहत्तर वर्षे पूर्ण करून पंचाहत्तराव्या वर्षात पाऊल टाकले, आणि त्याच दिवशी ते ह्या घरात राहावयास गेले. आपले मंडळ आज पन्नाशी पूर्ण करीत असताना त्या घराची हकीकत सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. गाव सोडून आलेल्या माणसाने नव्या मातीत घर कसे करावे, ह्या आपल्या सर्वांच्या प्रश्नाशी तिचा जवळचा संबंध आहे.

वाढदिवसांची वाटचाल

टागोर घराण्यात वाढदिवस साजरा करण्याची प्रथा फार जुनी नव्हती. मुलांचे वाढदिवस साजरे करण्याची आवड तेथे रुजविली ती रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनीदेवी ह्यांनी. त्यांचे पती सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. अहमदाबाद, सातारा, सोलापूर, कारवार अशा ठिकाणी ह्या दांपत्याने संसार केला. मुंबईत पाहिलेली पारशी पद्धतीची साडी ज्ञानदानंदिनींनी थोडा फेरफार करून बंगालमध्ये नेली आणि तेथील सुशिक्षित स्त्रियांचा पेहराव बदलून टाकला. परमुलखात राहणाऱ्या गृहिणीने बाहेर पाहिलेले आपल्या घरात कसे आणावे, ह्याचे हे एक सुंदर उदाहरणच होय.

रवींद्रनाथांचा स्वतःचा वाढदिवस प्रथम साजरा झाला तो १८८७ साली, ते सव्वीस वर्षांचे झाले तेव्हा. त्यांची भाची सरलादेवी हिने पहाटेच त्यांच्या खोलीत जाऊन, स्वतः गुंफलेली बकुळीची माळ आणि धोतर-चादर त्यांच्यासमोर ठेवून त्यांना नमस्कार केला. एवढाच तो समारंभ. घरच्या मुलीने घरातच केलेला.

पुढे कवीची कीर्ती वाढली तसे वाढदिवसही वाढत गेले. १९११ साली पन्नाशी झाली तेव्हा शांतिनिकेतनातील अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आश्रमातच उत्सव केला. पाठोपाठ २८ जानेवारी १९१२ रोजी वंगीय साहित्य परिषदेने कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा जाहीर सत्कार केला. नोबेल पारितोषिक मिळण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. १९३१ मध्ये सत्तरी झाली तेव्हा रामानंद चट्टोपाध्याय ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘गोल्डन बुक ऑफ टागोर’ हा भव्य गौरवग्रंथ निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्यात मोठा सोहळा झाला. तो रंगात आला असतानाच, जानेवारी १९३२ च्या आरंभी गांधीजींच्या अटकेची वार्ता आली आणि उत्सव आवरता घेण्यात आला.

ह्या मानपत्रांच्या आणि गौरवग्रंथांच्या मालिकेत एक निराळा वाढदिवस मध्येच चमकून जातो. १९२५ च्या पंचवीस वैशाखाला शांतिनिकेतनातील ‘उत्तरायण’ ह्या कवीच्या निवासाच्या परिसरात पंचवटीची स्थापना झाली. पिंपळ, वड, बेल, अशोक आणि आवळा ही ती पाच झाडे. पुढे १९२८ पासून शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा स्वतंत्र उत्सवच सुरू झाला. वाढदिवस म्हणजे सत्कार घेण्याचा दिवस नसून जमिनीत काही रुजविण्याचा दिवस आहे, ही कल्पना कवीच्या मनात त्या वेळी आकार घेत असावी. दहा वर्षांनी उभ्या राहिलेल्या मातीच्या घराचे बीज मला ह्या पाच रोपांत दिसते.

जांभ्याचा मुलूख

शांतिनिकेतन ज्या बीरभूम जिल्ह्यात आहे, त्याची भूमी पाहून कोकणी माणसाला क्षणभर घरी आल्याचा भास व्हावा. तीच तांबडी माती, तोच जांभा दगड. मात्र येथे समुद्र नाही आणि डोंगरही नाहीत. पावसाने धुपून धुपून जमिनीत घळी पडलेल्या असतात. त्यांना तेथे ‘खोआई’ म्हणतात. १८६३ साली रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ ह्यांनी ह्या उजाड माळावर वीस बिघे जमीन घेतली. तेथे तेव्हा ‘छातिम’ची, म्हणजे आपल्या सातविणीची, दोन झाडे होती, त्यांच्या सावलीत महर्षी ध्यानाला बसत. १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी तेथे शाळा काढली, १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले आणि १९२१ मध्ये विश्वभारतीची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी जवळच्या सुरूल गावी लेनर्ड एल्महर्स्ट ह्यांच्या साहाय्याने ग्रामसुधारणेचे केंद्र सुरू झाले, तेच श्रीनिकेतन.

रवींद्रनाथ जन्माने कलकत्त्याचे. जोडासांको येथील त्यांचा वाडा प्रशस्त, अनेक मजली, नोकरचाकरांनी भरलेला. बीरभूमच्या माळाशी त्या वाड्याचे काहीच नाते नव्हते. ह्या नव्या मुलखात त्यांनी आयुष्याची अखेरची चाळीस वर्षे प्रामुख्याने काढली. एकाच घरात फार दिवस राहणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते. ‘उत्तरायण’ परिसरात त्यांच्यासाठी एकामागून एक पाच घरे उभी राहिली. १९१९ च्या सुमारास सुरू झालेले ‘कोणार्क’ हे पहिले. त्यानंतर वर्षानुवर्षे वाढत गेलेले ‘उदयन’. ह्या सर्वांत मोठ्या घरातील दालने एकाच पातळीवर नाहीत, कोठे दोन पायऱ्या चढावे तर कोठे उतरावे लागते. मग ‘श्यामली’, १९३६ मधील ‘पुनश्च’ आणि अखेरची ‘उदीची’.

ह्या घरांमागे दोन माणसे मुख्यत्वे उभी होती. एक कवीचे चिरंजीव रथींद्रनाथ. ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात शेतीशास्त्र शिकून आले होते. परंतु त्यांचा हात खरा रमे तो लाकूड, चामडे आणि बागकामात. घरातील लाकडी सामानाचे आराखडे ते स्वतः करीत. दुसरे सुरेंद्रनाथ कर. हे मूळचे चित्रकार. स्थापत्याची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९२७ साली रवींद्रनाथांबरोबर ते जावा आणि बाली बेटांवर गेले होते. आपल्या देशातील जुनी मंदिरे व लेणी, खेड्यांतील घरे आणि परदेशांत पाहिलेल्या वास्तू ह्या साऱ्यांतून निवडून त्यांनी शांतिनिकेतनाची एक स्वतंत्र वास्तुशैली घडविली. राजवाड्याची नक्कल नाही आणि साहेबाच्या बंगल्याचीही नाही, हे तिचे वैशिष्ट्य.

घर कसे बांधले

‘श्यामली’चे वेगळेपण असे की तिच्या भिंतीच काय, पण छप्परही मातीचे करावयाचे ठरले. बीरभूममध्ये मातीच्या भिंती काही नव्या नाहीत; तेथील खेड्यांत मातीची दुमजली घरेही दिसतात. परंतु त्यांवर छप्पर असते ते भाताच्या काडाचे. वैशाखाच्या वणव्यात एका घराच्या काडाने पेट घेतला की पाहता पाहता सारी आळी जळून जाते. छप्परही मातीचेच करता आले तर गरिबाला आगीची धास्ती उरणार नाही, हा ह्या प्रयोगामागचा व्यावहारिक विचार होता. श्रीनिकेतनच्या ग्रामसुधारणेशी त्याचा धागा जुळलेला होता. कवीने स्वतःचे घर हीच प्रयोगाची जागा केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी, आणि तेही पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मातीच्या छपराखाली आपली स्वतःची शेज टाकली.

आराखडा सुरेंद्रनाथांचा. जाड मातीच्या भिंती रचताना त्यांच्या पोटात मातीची मडकी ओळीने बसविली गेली. मडक्यात कोंडलेली हवा बाहेरची उष्णता सहजासहजी आत शिरू देत नाही. बीरभूमचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना ह्या युक्तीचे मोल सांगावयास नको. कुंभाराच्या चाकावरच्या साध्या मडक्याने येथे गवंड्याचे काम केले.

दर्शनी भाग पाहताच आपल्याकडील माणसाला कार्ले-भाजे येथील चैत्यगृहांची आठवण होते. कमानदार प्रवेश, त्याच्या दोन्ही अंगांना मूर्ती, आणि सारे घर जणू एकाच ढेकळातून कोरून काढल्यासारखे. लेण्यात दगड कोरून पोकळी करतात, येथे माती थापून पोकळी वेढली. पण मनावर होणारा परिणाम तोच.

त्याच वाढदिवशी रवींद्रनाथांचा ‘शेष सप्तक’ हा गद्यकवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ह्या घरावर एक कविता आहे. मातीचे घर कधी ना कधी मातीत मिळून जाणार, आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही, असा तिचा एकंदर भाव आहे. पुढील वर्षी, १९३६ मध्ये, निघालेल्या काव्यसंग्रहालाही त्यांनी ‘श्यामली’ हेच नाव दिले.

भिंतींवर उमटलेले हात

घर बांधून झाले तरी ते रिकामे भांडेच असते. त्यात घरपण भरते ते सजावटीने. ‘श्यामली’ची सजावट विकत आणलेली नव्हती. कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस ह्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी बाहेरच्या भिंतींवर मातीतच उठावाची चित्रे घडविली. प्रवेशाच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले संथाळ स्त्री-पुरुष हे रामकिंकर बैज ह्यांचे काम. रामकिंकर बांकुड्याच्या एका गरीब कुटुंबातील. वर ज्यांचा उल्लेख आला ते रामानंद चट्टोपाध्याय ह्यांनी त्यांचे गुण हेरून १९२५ मध्ये त्यांना शांतिनिकेतनात आणले होते. ‘श्यामली’ झाली तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. पुढे १९३८ मध्ये त्यांनी काँक्रीटमध्ये उभारलेले ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प भारतीय आधुनिक शिल्पकलेचा एक मानदंड ठरले. त्या शिल्पाच्या आधी संथाळ जोडप्याला कवीच्या दाराशी मानाची जागा मिळाली होती, हे विसरता येत नाही.

ही गोष्ट वरवर पाहता लहान आहे. श्रीमंतांच्या वाड्याच्या दाराशी सिंह, हत्ती किंवा भालदार-चोपदार कोरण्याची रीत आपल्याकडे आहे. येथे नोबेल पारितोषिक मिळविलेल्या कवीच्या दाराशी उभे आहेत ते शेजारच्या वाडीतले कष्टकरी. शांतिनिकेतनाभोवतीच्या संथाळ वाड्यांत स्त्रिया आपल्या घराच्या भिंती रंगीत मातीने लिंपतात आणि सजवितात. त्यांची ती हातोटी सुंदर आहे. ज्यांच्या मुलखात येऊन राहावयाचे, त्यांची आकृती आणि त्यांची कला आपल्या भिंतीवर घ्यावयाची, हा ह्या सजावटीचा अर्थ मला वाटतो.

कलाभवनात अशा कामाचा सराव होताच. विद्यार्थ्यांचे वसतिगृह असलेले ‘कालो बाडी’, म्हणजे काळे घर, ह्याच काळात मातीचे बांधले गेले. त्याच्या भिंतींवर प्राचीन शिल्पांच्या धर्तीवर उठावाची चित्रे करून त्यांना डांबराचा हात देण्यात आला. जमिनीवरच्या सजावटीचीही परंपरा तेथे तयार झाली होती. आपली रांगोळी कोरड्या पुडीची; बंगालची आल्पना ही तांदळाच्या ओल्या पिठात बोटे बुडवून काढावयाची. पूर्व बंगालमधून आलेल्या सुकुमारीदेवी ह्या प्रौढ विधवा बाईंनी कलाभवनात ती शिकविली. व्रतवैकल्यांत अडकलेली घरगुती कला अशा रीतीने अभ्यासाचा विषय झाली. नंदलालांच्या कन्या गौरी आणि यमुना ह्यांनी पुढे ती परंपरा वाढविली. घरातील बायकांनी उंबरठ्यावर काढलेली नक्षी ही चित्रकलाच आहे, हे मान्य करणारे हे देशातील पहिल्या काही विद्यालयांपैकी एक असावे.

पावसाची परीक्षा

मातीच्या छपराचे पुढे काय झाले, हे सांगितल्याविना ही हकीकत पुरी होणार नाही. बीरभूमच्या पावसापुढे त्या छपराचा निभाव लागेना. आपल्या देशावर, सोलापूर-बीडकडे, मातीचे माळवद पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तुळया, त्यांवर किलचण, आणि वर पांढऱ्या मातीचा थर, असे ते छप्पर असते. परंतु सोलापूरच्या जवळजवळ दुप्पट पाऊस बीरभूमवर पडतो, आणि तोही बहुतेक चारच महिन्यांत. शिवाय माळवदाच्या घराचा धनी दर पावसाळ्यापूर्वी वर चढून माती पसरतो, चोपतो, भेगा बुजवितो. तेव्हा कोठे ते टिकते. खेड्यापाड्यांतील छप्परांचा प्रश्न एका घराने सुटला नाही. १९३६ मध्ये शेजारीच ‘पुनश्च’ उभे राहिले आणि कवीने आपला मुक्काम तेथे हलविला. नव्या घराचे नाव काय, तर ‘पुन्हा एकदा’! पत्र संपवून सही केल्यावर काही आठवावे आणि आपण ‘ता.क.’ लिहावे, तसे ते घर आले.

पण ‘श्यामली’ला कोणी मातीत मिळू दिले नाही. तिची डागडुजी होत राहिली. फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा शांतिनिकेतनात आले, तेव्हा त्यांचा मुक्काम ‘श्यामली’तच होता. सेवाग्रामच्या मातीच्या कुटीत राहणाऱ्या ह्या जोडप्यासाठी उत्तरायणातील दुसरे कोणते घर योग्य ठरले असते? निघताना रवींद्रनाथांनी आपल्या पश्चात विश्वभारतीची काळजी घेण्याची विनंती करणारे पत्र गांधीजींच्या हाती दिले. ती दोघांची अखेरची भेट ठरली. १९४१ चा वाढदिवस हा कवीच्या आयुष्यातील शेवटचा. त्या वर्षी बंगाली नववर्षदिनी, १४ एप्रिलला, त्यांचे ‘सभ्यतेचे संकट’ हे प्रख्यात भाषण वाचले गेले. जुलैच्या २५ तारखेला त्यांनी शांतिनिकेतन सोडले आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी, ज्या वाड्यात जन्म झाला त्याच जोडासांकोच्या वाड्यात, त्यांनी देह ठेवला.

भारतीय पुरातत्त्व विभागाने पुढे ‘श्यामली’चे जतनकार्य केले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी युनेस्कोने शांतिनिकेतनाचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत केला. मातीचे एक घर नव्वदीत पोहोचले आहे. पहिल्या काही पावसाळ्यांत त्याचा जो कस लागला, तो पाहता ही काही थोडी गोष्ट नव्हे.

मराठी धागे

ह्या घराचे आणि आपले नाते केवळ कौतुकाचे नाही. रवींद्रनाथांनी तुकोबांच्या काही अभंगांची भाषांतरे केली होती. साताऱ्यास जन्मलेले काकासाहेब कालेलकर शांतिनिकेतनात अध्यापन करीत होते आणि तेथेच १९१५ मध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली. पंडित भीमराव शास्त्री तेथे संगीत शिकवीत. विनायक मासोजी हे मराठी चित्रकार कलाभवनाचे आरंभीच्या काळातील विद्यार्थी; पुढे ते तेथेच अध्यापक झाले. आणि पु. ल. देशपांडे तर पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले. ‘वंगचित्रे’ हे त्या मुक्कामाचे फळ. पन्नाशीत नवी भाषा शिकावयास बसणे हाही वाढदिवस साजरा करण्याचा एक प्रकारच म्हटला पाहिजे!

परंतु सर्वांत घट्ट धागा आहे तो खानदेशातील फैजपूरचा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले. अध्यक्ष पंडित नेहरू. अधिवेशनाच्या नगराला नाव दिले होते ‘टिळकनगर’. ह्या नगराच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस ह्यांना बोलाविले. अट एवढीच, की गावात मिळेल त्याच साहित्यातून आणि गावकऱ्यांच्याच हातांनी काम व्हावे. बांबू, चटया आणि असेच गावरान साहित्य घेऊन नंदलालांनी टिळकनगर सजविले; अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांनी ओढावयाचा रथही त्यांनीच शृंगारला. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी त्यांच्या कामाची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. ‘श्यामली’च्या भिंती घडून दीड वर्षच झाले होते. एका कवीच्या वाढदिवसाच्या घरात जो धडा गिरविला गेला, तो हजारोंच्या मेळाव्यासाठी महाराष्ट्राच्या मातीवर पुन्हा गिरविला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्यापुरते

आपण सारे पोटापाण्यासाठी, नोकरी-व्यवसायासाठी दूर आलेलो. आपल्या आजोबांनी घरे केली ती बदलीच्या गावी, भाड्याच्या जागांत. भिंती परक्या, पण देवघराचा कोनाडा आपला. चौकात शेजाऱ्यांची बोली, पण दिवाळीच्या पहाटे दारात रांगोळी आपली. पुढे कोणी जागा घेतल्या, कोणी बंगले बांधले. आता घरोघरी साठ्या आणि पंचाहत्तऱ्या येऊ लागल्या आहेत. मुले-नातवंडे दूरदेशांहून येतात, सभागृह भाड्याने घेतले जाते, सजावट करणारा कंत्राटदार दुपारी फुलांच्या कमानी उभ्या करतो आणि रात्री त्या उचलून नेतो. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. सर्वांना वेळ थोडा आणि धावपळ फार. मात्र रात्री पाहुणे पांगल्यावर त्या दिवसाची खूण म्हणून घरात काय राहते, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

‘श्यामली’ची हकीकत वाचताना मला तीन गोष्टी आपल्या उपयोगाच्या वाटल्या. पहिली अशी की वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाला घरातील एखादी भिंत, एखादा कोनाडा किंवा अंगणातील पाच झाडे ही घरच्यांनी मिळून स्वतःच्या हातांनी करावीत. नातवाच्या हातची वेडीवाकडी वेलबुट्टी पुढची वीस वर्षे त्या दिवसाची आठवण देत राहील. दुसरी ही की त्या सजावटीत आपण जेथे राहतो त्या मुलखालाही स्थान असावे. आपल्या भिंतीवर वारली चित्र जरूर असावे. पण त्याच्या शेजारी ज्यांच्या गावात आपण दोन-तीन पिढ्या अन्न खाल्ले त्यांच्याकडील मातीकाम, विणकाम, चित्रकाम ह्यांपैकीही काही असावे. रांगोळी आणि आल्पना एका उंबरठ्यावर नांदू शकतात. तिसरी गोष्ट छपराची आहे. मातीचे छप्पर एकदा घालून भागत नाही. दर वर्षी कोणीतरी वर चढून ते चोपावे लागते.

मंडळाची पन्नास वर्षेही अशीच टिकली आहेत. ज्यांनी ते स्थापन केले त्यांतील बहुतेक आज आपल्यांत नाहीत. त्यांच्यानंतर दर वर्षी कोणीतरी वर्गणी गोळा केली, गणपतीची आरास केली, ग्रंथालयाची कपाटे झाडली, हळदीकुंकवाला सतरंज्या अंथरल्या, नाटकाच्या तालमींसाठी आपली बैठकीची खोली मोकळी करून दिली. त्या हातांची नावे ह्या स्मरणिकेत सर्वच येतील असे नाही. सुवर्णमहोत्सवाच्या ह्या वर्षी वास्तूला नवा रंग लागेल, तेव्हा एक भिंत तेवढी रंगाऱ्याकडे न देता राखून ठेवावी, अशी माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे. तिच्यावर मंडळातील मुलांनी आणि शेजारच्या वस्तीतील मुलांनी मिळून काय हवे ते काढावे. शंभरी साजरी करणाऱ्यांना ती भिंत पाहून आपली आठवण होईल.